किशोरवयीन मुलाला निवासी केंद्रात ठेवायची वेळ आली तर: उपचारांची बाजू पायरीपायरीने कशी तपासावी

"मूल आमच्याकडे सोपवा आणि तीन महिने निर्धास्त राहा. भेट नाही, फोन नाही. परत न्याल तेव्हा ओळखणार नाही." व्यसनमुक्ती किंवा 'वर्तन सुधार' केंद्रात चौकशीला गेलेल्या बऱ्याच आईवडिलांनी हे थोड्याफार फरकाने ऐकलेलं असतं. रोजची भांडणं, शाळेतून येणारे निरोप, पाकिटातून नाहीसे होणारे पैसे, एखाद्या रात्री पोरीच्या मनगटावर दिसलेल्या ब्लेडच्या रेघा, या सगळ्यातून गेलेल्या माणसाला अशा बोलण्याने धीर येतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

पण १८ वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत कायदा नेमकं उलट सांगतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ८७ प्रमाणे अल्पवयीन मूल जितके दिवस भरती असेल तितके सगळे दिवस त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे सहसा आई किंवा वडील, किंवा त्यांनी नेमलेलं माणूस मुलासोबत राहिलं पाहिजे. भरती मुलीची असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल, तर सोबतीला स्त्रीच हवी. दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या अवस्था या कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतल्या आहेत. त्यामुळे 'आमचं फक्त व्यसनमुक्ती केंद्र आहे, हा कायदा आम्हाला लागत नाही' हे उत्तर ऐकून गप्प बसू नका.

पुढच्या सगळ्या पायऱ्या मी या एका तरतुदीभोवती मांडल्या आहेत. कोणती गोळी दिली, रात्री कोण होतं, पोटात दुखतंय म्हटल्यावर काय केलं, हे घरचं माणूस जवळ असलं तरच कळतं.

पहिली पायरी: भरतीची गरज आहे का, हे आधी ठरवा

केंद्र शोधायच्या आधी मानसोपचारतज्ज्ञ शोधा. 'बिघडलेलं' मूल म्हणून जे दिसतं, त्यामागे बऱ्याचदा तपासता येण्यासारखं काहीतरी असतं: नैराश्य, लक्ष एकाग्र न होण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रास, वाचन-लेखनातली अक्षमता, सुरू होऊ घातलेला मनोविकार, घरात किंवा क्लासमध्ये झालेलं लैंगिक शोषण. थायरॉइड, रक्तक्षय, बी१२ची कमतरता आणि फिट्सचा आजार यांनीही मुलाचा स्वभाव बदलल्यासारखा वाटू शकतो. म्हणून साधी रक्ततपासणी आणि बालरोगतज्ज्ञाकडची एक फेरी टाळू नका. जवळ कोणी तज्ज्ञ नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

मूल स्वतःच्या जिवाला अपाय करायच्या बेतात असेल, भ्रम-भास होत असतील, किंवा नशा थांबवताना शरीराला धोका असेल, तर भरती लागते. उलट उत्तरं देणं, मोबाइल, नापास होणं, प्रेमप्रकरण यांसाठी लागत नाही. कायद्याचीही तीच अट आहे: घरी राहून, समाजात मिळणारे पर्याय निष्फळ ठरलेत किंवा उघडच अयोग्य आहेत, असं दिसल्याशिवाय अल्पवयीन मुलाला भरती करता येत नाही.

कडक शिस्तीने मुलं सरळ होतात या समजुतीचा आधारही तपासून पाहायला हवा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००४ मध्ये बोलावलेल्या तज्ज्ञ मंडळाने लष्करी थाटाची शिबिरं आणि धाक दाखवणारे कार्यक्रम पारखले. ते उपयोगी पडत नाहीत आणि काही वेळा परिस्थिती आणखी बिघडवतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. मानसशास्त्रज्ञ थॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की वर्तनाच्या अडचणी असलेल्या किशोरांना एकत्र ठेवलं की ती एकमेकांकडून नको ते शिकू शकतात. म्हणजे 'निदान चुकीच्या संगतीतून तरी सुटेल' या आशेवर भरती करत असाल, तर पुन्हा विचार करा.

दुसरी पायरी: कागद आणि माणसं

राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मागा. भरती झालेल्यांच्या हक्कांवर आणि तक्रारींवर लक्ष ठेवणाऱ्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाचा पत्ता आणि फोन नंबर केंद्रात ठळक जागी लावणं बंधनकारक आहे. भिंतीवर देवादिकांचे फोटो आणि सुविचार आहेत पण मंडळाचा नंबर नाही, तर तिथेच एक उत्तर मिळालं.

मग माणसांकडे वळा. बोर्डावर नाव असलेले मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात आणि प्रत्येक मुलाला स्वतः तपासतात का? त्यांची वैद्यक परिषदेची नोंदणी आहे का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. तो नंबर विचारण्यात संकोच करू नका. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले कार्यकर्ते मुलांना फार मोठा आधार देतात, त्यांचं महत्त्व कमी लेखू नये. पण औषधाचा डोस ठरवणं आणि निदान करणं हे त्यांचं काम नव्हे.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न रात्रीचा. रात्री दोन वाजता प्रशिक्षित नर्स हजर असते का? फोन केल्यावर येणारा डॉक्टर कोण? अतिदक्षता विभाग असलेलं जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर आहे, आणि गाडी कोणाची? 'तशी वेळ कधी आलीच नाही' हे उत्तर पुरेसं मानू नका.

मुलं आणि प्रौढ एकत्र ठेवत असतील तर चर्चा तिथेच थांबवा. अल्पवयीनांची राहण्याची सोय प्रौढांपासून वेगळी हवी, आणि इतर आजारांसाठी रुग्णालयात भरती होणाऱ्या मुलांना मिळते निदान त्या दर्जाची तरी हवी, असं कलम ८७ सांगतं. मला ही कसोटी फार सोपी आणि पक्की वाटते. डेंग्यू झाला असता तर याच खोलीत, याच गादीवर मुलाला ठेवलं असतं का?

तिसरी पायरी: भरतीचा दिवस

काही केंद्रं 'उचलायला' माणसं पाठवतात. मध्यरात्री गाडी येते, तीन-चार दांडगे लोक झोपलेल्या मुलाला धरून नेतात. याला होकार देऊ नका. आईवडिलांच्या डोळ्यांदेखत झालेली ही गोष्ट मूल विसरत नाही आणि पुढे कोणत्याच डॉक्टरवर विश्वास टाकत नाही. कायद्याच्या दृष्टीनेही हा क्रम उलटा आहे. भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोन तज्ज्ञांनी मुलाला स्वतंत्रपणे तपासलेलं असलं पाहिजे, आणि त्यातला एक तरी मानसोपचारतज्ज्ञ हवा. दोघांचंही मत भरतीच्या बाजूने पडलं तरच भरती. ७२ तासांच्या आत मंडळाला कळवणं केंद्रावर बंधनकारक आहे. मुक्काम ३० दिवसांपुढे गेला तर मंडळाला पुन्हा कळवावं लागतं आणि मंडळ त्या भरतीची तपासणी करतं.

मुलाला खरं सांगा. 'फिरायला जाऊ' म्हणून नेऊ नका.

सोबत द्यायच्या गोष्टी: आजवरचे सगळे केसपेपर, चालू औषधांची नावं आणि डोस, ॲलर्जी, दमा किंवा फिट्सचा इतिहास, घरात कोणाला हृदयविकाराने कमी वयात मृत्यू आला असेल तर तेही. वजन, उंची, रक्तदाब, अंगावरच्या खुणा यांची नोंद तुमच्यासमोर करून घ्या आणि तिचा फोटो ठेवा. मुलगी असेल तर पाळीचा इतिहास सांगा.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. 'काही बरंवाईट झाल्यास केंद्र जबाबदार नाही' असं हमीपत्र पुढे केलं, तर त्यामुळे निष्काळजीपणाची जबाबदारी संपत नाही हे लक्षात असू द्या. मात्र असं हमीपत्र मागणारं केंद्र आपल्याबद्दल काहीतरी सांगून जातं.

चौथी पायरी: नशा सुटतानाचे पहिले दिवस

'आम्ही एकदम बंद करतो, दोन दिवस तडफडेल, मग ठीक' हे दारू आणि झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत जिवावर बेतू शकतं. नियमित पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत ताप, थरकाप, भास आणि भ्रम यांची गंभीर अवस्था येऊ शकते. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम यांसारख्या गोळ्या एकदम तोडल्या तरी फिट येते. त्या टप्प्याटप्प्याने कमी कराव्या लागतात. म्हणून या काळात नाडी, रक्तदाब आणि तापमान ठरावीक तासांनी लिहिलेलं असावं, आणि दारू पिणाऱ्याला ग्लुकोज लावण्याआधी थायमिन (बी१ जीवनसत्त्व) दिलेलं असावं. हे दोन प्रश्न विचारले की समोरच्याची तयारी लगेच कळते.

व्हाइटनर किंवा थिनर हुंगणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. हुंगल्यानंतर लगेच घाबरलं, पळालं, तर हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यू येऊ शकतो. त्याला त्या क्षणी पकडायला धावू नये आणि मारहाण तर मुळीच करू नये.

पाचवी पायरी: औषधांचा तक्ता

प्रत्येक मुलाचा औषधांचा लेखी तक्ता असतो: गोळी, डोस, वेळ, देणाऱ्याची सही, मुलाने नाकारली तर तशी नोंद. तो दर आठवड्याला बघायला मागा. अल्पवयीन मुलाच्या उपचाराला लागणारी संमती तुमची आहे, त्यामुळे नवीन गोळी सुरू करताना ती का, किती दिवस आणि कशासाठी जपायचं, हे तुम्हाला सांगायलाच हवं. जेवणात मिसळून गोळी देत असतील तर त्याला ठाम विरोध करा.

काही औषधांच्या बाबतीत पालकांना माहीत असायला हव्यात अशा गोष्टी:

फ्लुओक्सेटिनसारख्या नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि लहान वयात सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढतात का यावर बारीक लक्ष ठेवावं लागतं. याच कारणासाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. याचा अर्थ औषध नको असा नाही. सुरू करून दिलं आणि महिनाभर कोणी पाहिलंच नाही, असं होता कामा नये.

मनःस्थितीतले टोकाचे चढउतार आवरणाऱ्या लिथियमची रक्तातली पातळी मोजत राहावी लागते. शरीरातलं पाणी कमी झालं की ती वाढते आणि विषबाधा होऊ शकते. त्यामुळे भर उन्हात कवायत आणि पाणी मोजून देणं, असा दिनक्रम असलेल्या ठिकाणी लिथियमवरचं मूल ठेवू नये. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन यांसारख्या मनोविकारावरच्या औषधांवर असताना वजन, साखर आणि चरबी यांची तपासणी ठरलेली असावी. सोडियम व्हॅल्प्रोएट मुलींना शक्यतो देत नाहीत, कारण पुढे गर्भ राहिल्यास बाळात व्यंग येण्याचा धोका मोठा असतो. लॅमोट्रिजिन सुरू असताना अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टरला कळवा.

मुलं दिवसभर गुंगीत दिसत असतील तर शांततेचं कौतुक करू नका. किती मुलांना झोपेचं इंजेक्शन दिलं जातं, कोणाच्या आदेशाने आणि कुठे लिहिलं जातं, ते विचारा.

सहावी पायरी: 'नाटक करतोय' हे कानावर पडतंय का?

माझ्या मते अख्ख्या तपासणीचा गाभा इथे आहे. या मुलांनी घरी खोटं बोललेलं असतं, कारणं सांगितलेली असतात. त्यामुळे ती आजारी पडली तरी कोणाचा विश्वास बसत नाही, आणि केंद्रातले लोक तर सुरुवातच अविश्वासाने करतात.

याची किंमत काय असते ते अमेरिकेत दिसून आलं आहे. तिथे अशा निवासी कार्यक्रमांचा मोठा धंदाच उभा राहिला. १९९४ मध्ये युटा राज्यातल्या रानावनात चालणाऱ्या एका कार्यक्रमात १६ वर्षांचा मुलगा पोट दुखतंय म्हणत राहिला, वाळत गेला. सोबतच्यांना ते ढोंग वाटलं. त्याच्या पोटातला अल्सर फुटला होता आणि आत पसरलेल्या संसर्गाने तो गेला. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००७ मध्ये अशा कार्यक्रमांतल्या १० मृत्यूंचा बारकाईने अभ्यास केला. त्यात अप्रशिक्षित कर्मचारी, अपुरं अन्नपाणी आणि खरी लक्षणं बहाणा समजणं पुन्हा पुन्हा दिसलं. निवासी संस्थांमधल्या मुलांच्या संरक्षणासाठी तिथे केंद्रीय पातळीवर कायदा व्हायला मात्र डिसेंबर २०२४ उजाडला.

आपल्याकडे हीच गोष्ट औषधांच्या दुष्परिणामांबाबत घडते. हॅलोपेरिडोल किंवा रिस्पेरिडोन सुरू झाल्यावर काही मुलांची मान एकदम वाकडी होते, डोळे वर जातात, जीभ जड होते, जबडा आवळतो. बघणाऱ्याला ते हुबेहूब सोंग वाटतं. प्रत्यक्षात तो स्नायूंचा झटका असतो, किशोरवयातल्या मुलग्यांमध्ये जास्त दिसतो, आणि योग्य इंजेक्शन दिलं की बऱ्याचदा थोड्याच वेळात उतरतो. ज्याला हे माहीत नाही तो मुलाला ओरडतो, कधी मारतो. काहींना गोळ्यांमुळे एका जागी बसवतच नाही, पाय सतत हलतात; त्याला 'चुळबुळ्या' म्हणून शिक्षा होते.

म्हणून केंद्र चालवणाऱ्याला सरळ विचारा: मूल दुखतंय म्हणालं आणि तुम्हाला ते खोटं वाटलं, तर काय करता? योग्य उत्तर एकच आहे. तपासतो, तापमान-नाडी घेतो, लिहून ठेवतो, डॉक्टरला कळवतो, आणि खोटं निघालं तरी रागावत नाही. छातीत दुखणं, श्वास लागणं, चक्कर येऊन पडणं, न थांबणाऱ्या उलट्या, कडक ताप, मान ताठ होणं, लघवी न होणं, फिट, गोंधळलेलं बोलणं, यातलं काहीही असेल तर पहिलं पाऊल रुग्णालयाकडे पडलं पाहिजे.

सातवी पायरी: बोलण्याचा उपचार

गटात बसून बोलणं बहुतेक केंद्रांत असतं. एकट्याने, दार लावून, शिकलेल्या व्यक्तीशी बोलणं किती होतं ते बघा. आठवड्यातून निदान एकदा तरी व्हावं, आणि कुटुंबासोबतची बैठकही ठरलेली असावी, कारण मूल शेवटी त्याच घरात परतणार आहे. उपचाराला नाव असावं: विचार-वर्तन उपचार, भावना आवरायची कौशल्यं शिकवणारा उपचार, कुटुंब उपचार. 'आम्ही संस्कार देतो' हे उपचाराचं नाव नव्हे.

सगळ्यांसमोर उभं करून चुका कबूल करायला लावणं, इतर मुलांना त्याच्यावर तुटून पडायला सांगणं, रडेपर्यंत सोडायचं नाही, ही पद्धत कॅलिफोर्नियात १९५८ साली सुरू झालेल्या सिनॅनॉन या संस्थेतून पसरली. तिला उपचार म्हणू नये. शोषण सोसलेल्या मुलाला त्यातून नव्याने इजा होते.

आठवी पायरी: बांधणं, कोंडणं, मुंडण

इथे कायदा अगदी स्पष्ट आहे. एकांतात कोंडणं निषिद्ध आहे. साखळीने बांधणं निषिद्ध आहे; तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या एका आश्रमात ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी जखडलेली २८ माणसं मेली, ती आठवण या तरतुदीमागे आहे. तात्काळ धोका टाळायला दुसरा काहीच मार्ग नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, लागेल तेवढाच वेळ धरून किंवा बांधून ठेवता येतं. शिक्षा म्हणून कधीच नाही. त्याचं कारण आणि कालावधी केसपेपरमध्ये लिहावा लागतो आणि प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवावं लागतं. मुलाला पालथं पाडून पाठीवर वजन टाकणं तर श्वासच कोंडतं. मिशिगनमध्ये २०२० साली एका संस्थेत जेवण फेकल्याच्या कारणावरून कर्मचाऱ्यांनी १६ वर्षांच्या मुलाला अंगावर वजन टाकून दाबून धरलं, आणि तो वाचला नाही.

सक्तीचं मुंडण, सक्तीचा गणवेश, सक्तीचं काम यांनाही कलम २० मनाई करतं. अल्पवयीनांना विजेचा उपचार मंडळाच्या पूर्वपरवानगीशिवाय देता येत नाही.

नववी पायरी: नजर हटू देऊ नका

सोबत राहणं घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्या. आई, मामा, आजोबा, मोठी बहीण, कोणी ना कोणी. नोकरी, शेती, दुसरं लहान मूल सांभाळून हे किती कठीण आहे याची मला पूर्ण जाणीव आहे. पण केंद्र जर सोबत्याला ठेवूनच घेत नसेल, तर ते केंद्र अल्पवयीनांसाठी नाही. मुलाशी एकांतात बोला, वजन दर आठवड्याला विचारा, अंघोळीच्या निमित्ताने पाठ-हात बघा, खरूज आणि उवांकडेही लक्ष द्या. उपचारांच्या नोंदी मागण्याचा हक्क आहे, तो वापरा.

काही खटकलं तर आधी मानसोपचारतज्ज्ञाशी बोला, मग मंडळाकडे लेखी तक्रार करा. मारहाण किंवा लैंगिक छळ असेल तर आधी मुलाला बाहेर काढा. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आणि पोलीस, दोन्हीकडे लगेच जा. भरतीला असलेला पाठिंबा प्रतिनिधीने काढून घेतला, किंवा घरी सोडा म्हणून सांगितलं, की अल्पवयीन मुलाला सोडावंच लागतं. 'कोर्स पूर्ण झाल्याशिवाय सोडत नाही' किंवा 'आधी बाकी पैसे भरा' असं म्हणून मुलाला अडकवून ठेवता येत नाही.

दहावी पायरी: घरी आणताना

केंद्रातून घरी सोडतात त्या दिवशी रिकाम्या हाताने निघू नका. लेखी कागदावर निदान, चालू औषधं आणि ती कधीपर्यंत, पुढच्या भेटीची तारीख, आणि धोक्याची लक्षणं दिसल्यास कोणाला फोन करायचा, हे सगळं हवं. पहिली भेट आठवड्याच्या आत ठेवा, कारण मानसिक आजाराच्या भरतीनंतर सुटल्यावरचे पहिले दिवस आत्महत्येच्या दृष्टीने फार जोखमीचे असतात. मूल यायच्या आधी घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा. शेतकरी घर असेल तर कीटकनाशकाचे डबे घरातून हलवा, शेजाऱ्याच्या कुलूपबंद खोलीत ठेवले तरी चालतील.

ब्राउन शुगर किंवा तत्सम नशा करणाऱ्या मुलाला एक गोष्ट समोर बसवून, न रागावता सांगा: काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वीइतकाच डोस आता जीव घेऊ शकतो. पुन्हा घेतलं तर लपवू नकोस, आधी आम्हाला सांग, एवढं त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या.

शाळेचं काय, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो. वर्ष वाया गेलं असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावी-बारावी करता येते. शाळेला किती सांगायचं ते मुलाशी बोलून ठरवा, आणि वर्गशिक्षकांपैकी एका विश्वासू व्यक्तीला औषधांच्या वेळा आणि तुमचा फोन नंबर देऊन ठेवा.